एकशे दोन टनांचा हिशेब

अलेक्सेई स्ताखानोव्ह हे नाव सोव्हिएत राष्ट्राने श्रमवीराचे म्हणून जगापुढे ठेवले. सरकारी उद्योगातील कार्यक्षमता मोजावी कशी, हा प्रश्नही त्याच नावाशी कायमचा जोडला गेला.

ओर्योल प्रांतातील एका खेड्यात १९०६ साली जन्मलेले स्ताखानोव्ह १९२७ मध्ये युक्रेनच्या डोनबास भागातील इर्मिनोच्या कोळसा खाणीत कामाला लागले. ३० ऑगस्ट १९३५ च्या रात्री त्यांनी पावणेसहा तासांत १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर झाले. एका पाळीचे ठरीव प्रमाण होते अवघे ७ टन!

या यशाचे मर्म श्रमविभागणीत होते. एरवी कोळसा फोडणाराच मधूनमधून यंत्र खाली ठेवून छताला लाकडी टेकू देत असे. त्या रात्री टेकूंचे काम श्चिगोलेव्ह आणि बोरिसेन्को या दोघांनी केले. नोंद मात्र एकट्या स्ताखानोव्ह यांच्या नावे झाली. तिघांत भागाकार केला, तर माणशी ३४ टन पडतात. हेही प्रमाणाच्या जवळजवळ पाचपट. म्हणजे सुधारणा खरी होती. फुगवटा होता तो मोजणीत. शिवाय खाणीचे पक्षसंघटक पेत्रोव्ह यांनी या पाळीची पूर्वतयारी जातीने केली होती. अशी तयारी रोजच्या पाळीच्या वाट्याला येत नसते.

नोव्हेंबर १९३५ मध्ये क्रेमलिनमध्ये अशा विक्रमवीरांचा मेळावा भरला आणि १९३६ मध्ये अनेक उद्योगांतील कामाची प्रमाणे वाढवण्यात आली. अपवादाचा दाखला हा सामान्य कामगाराचा मापदंड ठरला. विक्रमांच्या मागे लागलेल्या कारखान्यांत यंत्रांची झीज झाली, दुरुस्त्या लांबल्या. टनांच्या आकड्यात त्याची नोंद कोठेच नव्हती.

स्ताखानोव्ह पुढे मॉस्कोत शिकले, कोळसा मंत्रालयात अधिकारी झाले आणि १९५७ मध्ये पुन्हा डोनबासला परतले. समाजवादी श्रमवीर हा किताब त्यांना मिळाला तो १९७० मध्ये, विक्रमानंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. १९७७ मध्ये ते निवर्तले. १९७८ मध्ये कादीयेव्का शहराला त्यांचे नाव देण्यात आले; २०१६ मध्ये युक्रेनने ते बदलून जुनेच नाव पुन्हा दिले.

नावे बदलतात, हिशेबाचा नियम बदलत नाही. किती माल निघाला, एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. तो किती हातांनी, किती खर्चाने आणि यंत्राची किती झीज सोसून निघाला, हे विचारल्यावाचून कोणत्याही सरकारी उद्योगाची खरी उत्पादकता कळावयाची नाही.