मिस कार्पेंटरबाईंचे चरित्र

नगरच्या बाजारात एखाद्या पोराने चोरी केली, तर त्यास तुरुंगात घालावे काय? ह्या एका प्रश्नासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचिले, त्या मेरी कार्पेंटरबाईंची हकीकत आम्ही आज वाचकांस सांगतो.

बाईंचा जन्म इंग्लंडात एक्सेटर शहरी ता. ३ एप्रिल १८०७ रोजी झाला. त्यांचे वडील उपदेशक होते. पुढे हे कुटुंब ब्रिस्टल येथे राहू लागले. तेथील गलिच्छ वस्तीत बाईंनी १८४६ साली अगदी दरिद्री मुलांकरिता शाळा काढिली. जे मूल तुरुंगात जाई, ते थोरल्या चोरांच्या संगतीने अधिकच बिघडून परत येई, हे त्यांस दिसून आले. म्हणून त्यांनी १८५१ साली ह्या विषयावर ग्रंथ लिहिला, १८५२ साली किंग्जवुड येथे सुधारशाळा स्थापिली, आणि १८५४ साली मुलींकरिता रेड लॉज हे गृह उघडिले.

त्याच वर्षी पार्लमेंटाने अशा शाळांविषयी कायदा केला. परंतु मुलाने आधी निदान १४ दिवस तुरुंग भोगावा, अशी अट त्यात घातली. बाईंनी तीस विरोध केला. आधी डाग लावावयाचा व मग तो धुवावयास पाठवावयाचे, ही रीत आम्हांसही उलटीच दिसते.

१८६६ साली, वयाच्या ५९व्या वर्षी, बाई हिंदुस्थानात आल्या. येथील तुरुंग पाहून त्यांनी सरकारपाशी सुधारशाळांची मागणी केली. मुंबईत डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची अशी संस्था १८५७ पासून होतीच. पण सुधारशाळांचा कायदा १८७६ साली झाला. त्यान्वये १६ वर्षांखालील मुलास तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठविण्याची मुभा न्यायाधीशांस मिळाली. पुढल्याच वर्षी, ता. १४ जून १८७७ रोजी, बाई निवर्तल्या. इंग्लंडातील ती अट १८९९ साली रद्द झाली. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आज आपल्या देशात २०१५ सालचा कायदा चालतो. १८ वर्षांखालील मुलास पोलिसांनी धरिले, तर त्यास कोठडीत किंवा तुरुंगात ठेविता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे नेले पाहिजे. गावच्या शिक्षकांनी व वडील मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. आईबाप भयाने गप्प बसतात, तेव्हा कायदा जाणणारा एक शेजारी मुलाबरोबर गेला, तर त्याचे पुष्कळ हित होईल.