मोर्चा लाल, अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला

लाल बावट्याच्या मोर्चाला आपल्या तरुणांनी जावे की नाही, हा वाद चळवळीत जुना आहे. गेला तो त्यांचा झाला, असे म्हणून काहीजण मोकळे होतात. त्यांनी साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचे आयुष्य एकदा तपासून पाहावे.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णाभाऊ जन्मले. शाळा त्यांना दोन दिवसही लाभली नाही. पोटासाठी साठे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. मिळेल ते काम करीत, पाट्यांवरची अक्षरे जुळवीत हा पोरगा वाचायला शिकला. गिरणगावातल्या सभा आणि मोर्चे हीच त्याची शाळा झाली.

याच मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क हिरावणाऱ्या या विधेयकाची बाबासाहेबांनी विधिमंडळात चिरफाड केली होती. संपासाठी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या सोबतीने रस्त्यावर उतरला, पण आपला पक्ष आणि आपला कार्यक्रम शाबूत ठेवून! सोबत जाणे म्हणजे शरण जाणे नव्हे, हा धडा बाबासाहेबांनीच घालून दिला आहे.

अण्णाभाऊ कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. हजारोंच्या सभा त्यांच्या पोवाड्यांनी पेटत. त्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले, गणातून गणपतीला रजा देऊन मातृभूमीला वंदन केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या छकडीने मराठी मुलूख हलवला.

पण लाल झेंड्याखाली राहूनही त्यांनी आपली माणसे सोडली नाहीत. १९५८ साली मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वीचा भार शेषनाग नव्हे, तर श्रमिक आणि दलित पेलतात, असे त्यांनी तेथे ठणकावले. १९५९ साली ‘फकिरा’ आली. ही कादंबरी त्यांनी कोणा कॉम्रेडला नव्हे, तर बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, विपन्नावस्थेत त्यांची प्राणज्योत मालवली. ज्यांच्या सभा त्यांनी गाजवल्या, त्यांनी याचा जाब दिला पाहिजे. पण आपले काय? लाल म्हणून आपण त्यांना दूर ठेवले आणि जयंतीपुरते एका जातीच्या हवाली केले. २०२२ साली त्यांचा पुतळा मॉस्कोत उभा राहिला. आपल्या किती विहारांत त्यांची तसबीर आहे?

कंत्राटी सफाई कामगाराच्या, भूमिहीनाच्या हक्काचा मोर्चा निघाला तर तरुणांनो, जरूर जा. तिथे फक्त गर्दी वाढवू नका. जातीचा प्रश्न मंचावर विचारा. त्याचे उत्तर टाळणाऱ्यांना अण्णाभाऊंच्या त्या अर्पणपत्रिकेची आठवण करून द्या.

जयभीम!