चंद्राची त्या क्षणाची गती

भास्कराचार्य म्हटलं की सगळ्यांना ‘लीलावती’ आठवते. मला मात्र ते भेटले फिजिक्समधल्या त्वरणाच्या धड्यापाशी, म्हणून मंडळाच्या या अंकात त्यांच्यावरच लिहितेय.

शके 1036, म्हणजे इ.स. 1114 चा त्यांचा जन्म. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जलवीड. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. (लीलावती ही त्यांची मुलगी, तिचं लग्न होऊ शकलं नाही, ही कथा 1587 च्या फारसी भाषांतरातून पसरली. तिच्यात मी शिरत नाही.)

त्यांच्यापुढची अडचण रोजच्या पंचांगाची होती. चंद्र दिवसाला सरासरी 13 अंश सरकतो, पण कधी 12 पेक्षा कमी, कधी 15 पेक्षा जास्त. मग तिथी नेमकी कधी संपते, हे नुसत्या सरासरीवरून कसं सांगणार? आजचं आणि उद्याचं स्थान यांतला फरक ही ढोबळ गती. हव्या त्या क्षणाची ती तात्कालिक गती, असा भेद त्यांनी केला. ती काढताना ज्येतला बारीकसा बदल कोटिज्येवरून मोजला. बारावीत आपण साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन म्हणून पाठ करतो ना, तेच हे! वाट आधी मुंजालांनी दाखवली होती. यांनी ती समजावून सांगितली.

आपली नारायणगुड्याची मेट्रोच घ्या. चिक्कडपल्लीपर्यंतचं अंतर भागिले वेळ, झाली सरासरी चाल. पण गाडी सुटताना आपण मागे रेलतो, थांबताना पुढे झुकतो, ते त्या आकड्यात कुठे दिसतं? समजा, 20 सेकंदांत ती शून्यावरून सेकंदाला 15 मीटर वेगावर आली. त्वरण झालं 0.75 मी/से². सरळ रुळावर वेग तोच राहिला की त्वरण शून्य, ब्रेक लागला की ऋण.

भास्कराचार्यांनी त्वरण शोधलं, असं व्हॉट्सअ‍ॅपसारखं मी म्हणणार नाही. उतारावरून गोळे सोडून ते मोजलं गॅलिलिओनं. त्याचं पुस्तक 1638 चं. पण गती बदलत असतानाही प्रत्येक क्षणी तिला ठरावीक मूल्य असतं, हे मानल्याशिवाय त्वरणाचं बोलताच येत नाही, आणि ते यांनी चंद्राचं गणित करताना मानलं. सरासरी चंद्र आणि प्रत्यक्ष चंद्र यांतलं अंतर जिथे सर्वांत जास्त, तिथे ते वाढायचं थांबतं. म्हणून तिथे खरी गती सरासरीइतकीच, हेही त्यांनी ओळखलं.

‘करणकुतूहल’ 1183 चं, तेव्हा ते 69 वर्षांचे होते. नातू चांगदेव यादवांच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ चालावा म्हणून 1207 मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात आहे.