भाऊ दाजींचा पैसा कुठे गेला?

जामसंड्यात आंब्याचा पैसा वर्षातून एकदाच येतो, हे तुम्हाला सांगायला नको. मार्च ते मे पेट्या वाशीला जातात, पावसाच्या तोंडावर हिशोब होतो आणि मग खत, फवारणी, राखण, घरखर्च, तुमची कॉलेजची फी, सगळं त्याच पैशातून. नेमक्या याच दिवसांत कुणीतरी मित्र मोबाइल पुढे करतो. त्यात एक ॲप असतं, हिरवे आकडे असतात आणि कालच्या दिवसात त्याने किती कमावले ते असतं. खातं उघडायला पाच मिनिटं लागतात. त्याआधी दहा मिनिटं काढून एका डॉक्टरांची गोष्ट वाचा.

रामचंद्र विठ्ठल लाड. लोक त्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणत. भायखळ्याला राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला नाव आहे ते यांचंच. माणूस आपल्याच किनाऱ्याचा. तेरेखोलची खाडी ओलांडली की लागतो त्या पेडण्याचा. जन्म १८२२ चा. घरची परिस्थिती बेताची. वडील मुंबईला आले आणि मातीच्या बाहुल्या करून विकू लागले. मुलगा बुद्धिबळात असा तरबेज, की त्या वेळच्या गव्हर्नरच्या नजरेत भरला, आणि याला इंग्रजी शिकवा असं वडिलांना सुचवण्यात आलं. एल्फिन्स्टनमध्ये शिकता शिकता तिथेच शिकवणंही सुरू झालं. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून त्यांनी ६०० रुपयांचं बक्षीस मिळवलं. त्या काळातले सहाशे, हे लक्षात घ्या.

मग ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि मास्तरकी सोडून भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते. प्रॅक्टिस जोरात चालली. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. बॉम्बे असोसिएशनचं चिटणीसपद, मुलींची शाळा, कुष्ठरोगावरच्या औषधाचे प्रयोग, कालिदासावरचं संशोधन, अजिंठ्याचे शिलालेख... यादी लांबेल. मुद्दा एवढाच, की मुंबईतल्या सर्वांत हुशार दहा माणसांची नावं काढली असती, तर त्यांत भाऊ दाजी असतेच.

आणि या माणसाने आपली बरीचशी कमाई शेअर्समध्ये घालवली.

झालं असं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा तिथला कापूस थांबला. गिरण्यांनी तोंड वळवलं ते मुंबईकडे. कापसाचे भाव कुठल्या कुठे गेले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. आलेला पैसा ठेवायचा कुठे? रोज नवी बँक, नवी फायनान्स कंपनी, समुद्र बुजवून जमीन करणारी नवी कंपनी निघू लागली. बॅक बे रेक्लमेशनचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात पोचला. व्यापारी, कारकून, वकील, डॉक्टर, सगळे त्यात उतरले.

यातली खरी गोम होती वायद्यात. ती तुम्हाला इतर कुणापेक्षा पटकन कळेल. नुसता मोहोर बघून बाग देऊन टाकणारे बागायतदार तुमच्या ओळखीत असतील. फळ धरायच्या आधीच रक्कम ठरते. पुढे अवकाळी आला, तुडतुडा पडला किंवा झाडं लगडली, तर त्याचा तोटा-फायदा घेणाऱ्याच्या नशिबी. मुंबईत तेच शेअर्सचं चाललं होतं. आज पैसे द्यायचे नाहीत, फक्त भाव ठरवायचा आणि ठरल्या तारखेला व्यवहार पुरा करायचा. तोवर भाव वाढणारच आहे, असं जो तो धरून चाललेला. पण एक फरक होता. बागेत निदान कलम जमिनीत उभं असतं. तिथे कित्येक कंपन्यांची जमीन अजून समुद्राखाली होती!

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. ती बातमी पोचली तसा मुंबईत कापूस कोसळला, आणि त्यामागोमाग शेअर्स. बरेच वायदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी घेणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्याच्या कागदाला किंमत नव्हती. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच गुंडाळावी लागली. भाऊ दाजींनाही या पडझडीने पार धुऊन काढलं.

त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण हा भाग एका ओळीत उरकतात. मोठ्या माणसाचा तोटा सांगणं त्यांना बरं वाटत नसावं. मला मात्र कॉलेजच्या मुलांना सांगण्यासारखं भाऊंच्या आयुष्यात हेच जास्त आहे असं वाटतं. जो माणूस पुराव्याशिवाय शिलालेखातलं एक अक्षर मान्य करत नव्हता, त्यानेही बाजारात सगळ्यांचं पाहून पैसा टाकला. म्हणजे बुद्धी कमी पडली असं नाही. ज्या भावाचा दोर हजारो मैलांवरच्या युद्धाच्या हातात होता, तो मुंबईत बसून कोण कसा ओळखणार?

आजच्या ॲपवरचं एफ अँड ओ हे त्याच वायद्याचं नातवंड आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि तोटा माणशी सरासरी २ लाखांच्या आसपास. तुमचा मित्र उरलेल्या सात टक्क्यांतला असेलही. पण त्याला तीन वर्षांचा हिशोब विचारा, कालचा नको.

मग शेअर्सना हातच लावायचा नाही का? तसं अजिबात नाही. फक्त क्रम बदला. आंब्याचं एक वर्ष फसलं तरी घर आणि फी चालेल एवढी रक्कम आधी बँकेत बाजूला पडू दे, कारण आपल्याकडे वर्ष फसतं. सुरुवात टपाल खात्याच्या आरडीने करा. महिना १०० रुपयांपासून होते, मुदत पाच वर्षं. पीपीएफला वर्षाला ५०० पुरतात, पण मुदत १५ वर्षांची, तेव्हा विचार करून. हात बसला की इंडेक्स फंडात छोटी एसआयपी. तीही पाच-सात वर्षं लागणार नाहीत अशाच पैशाची, कर्ज काढून तर नाहीच. आणि गावात जास्त व्याजाच्या ठेवी घेत फिरणारं कुणी भेटलं, तर एक प्रश्न विचारायचा: ही बँक की पतसंस्था? बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. घरातल्या मोठ्यांनाही हे बरेचदा ठाऊक नसतं, त्यांनाही सांगा.

भाऊ दाजी सावरले ते कशावर? शेअर्स गेले, पण नाडी बघणारा हात जाग्यावर होता. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते आणि रोगी दारात येतच होते. गरिबांना औषध देणं थांबलं नाही. शिलालेखांचे ठसे घ्यायला भगवानलाल इंद्रजींना दूरदूर पाठवणंही चालूच राहिलं. पैसा गेला तरी शहरातली पत गेली नाही: १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ ला ते गेले. पुढच्याच वर्षी, टाउन हॉलजवळच्या वडाखाली उभं राहून सौदे करणाऱ्या दलालांनी आपली संघटना बांधली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.