विश्लेषण : सर्पगंधाची मुळी, मुंबईचे डॉ. वकील आणि चेतापेशींचा निरोप

चाकणच्या कारखान्यात सेन्सरपासून कंट्रोल पॅनेलपर्यंत तार सलग जाते. मेंदूत तसे नाही. चेतापेशीच्या आत विजेचा संदेश धावतो, पण दोन पेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. बहुतेक ठिकाणी ती फट रसायन ओलांडते. ते रसायनच संपले तर? याचे उत्तर शोधताना मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांच्या कामाचा मोठा उपयोग झाला.

डॉ. वकील यांनी काय केले?

लंडनमध्ये शिकून ते मुंबईत परतले, केईएम रुग्णालयात काम करू लागले. तेव्हा उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. काही रुग्णांच्या तर चेतातंतूच शस्त्रक्रियेने कापत. सर्पगंधाची मुळी वैद्यांना जुनी माहिती होती, कोलकात्यात १९३१मध्ये तिच्यावर लेखनही झाले होते. वकील यांनी ५० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टर या मुळीकडे वळले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपिन वेगळे झाले.

मग चेतापेशींचा संबंध कुठे आला?

चेतापेशीच्या टोकाला रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. विजेचा संदेश आला की त्या फुटून रसायन फटीत सांडते. रेसरपिन या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडते. म्हणजे लाइन सुरू, सिग्नलही पोहोचला. पण ट्रे रिकामे. हृदय व रक्तवाहिन्यांना ताण देणारे निरोप घटतात आणि दाब उतरतो. मात्र हेच मेंदूतही घडते. काही रुग्णांना नैराश्य आले, काहींचे हातपाय कंपवातासारखे आखडले. हा दुष्परिणामच विज्ञानाला जास्त उपयोगी पडला. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७मध्ये रेसरपिनने निपचित झालेल्या प्राण्यांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. या कामातून डोपामाइन हेही निरोप पोहोचवणारे रसायन असल्याचे स्पष्ट होत गेले. कंपवातावर आजही एल-डोपा हेच मुख्य औषध आहे.

सन्मान कोणाला?

वकील यांना १९५७मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढे पद्मभूषणही. कार्लसन यांना २०००मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा वकील यांच्या निधनाला २६ वर्षे झाली होती. त्यांनी चेतापेशींवर संशोधन केले नव्हते, त्यामुळे नोबेल हुकले म्हणणे ओढूनताणून होईल. रेसरपिन आता क्वचितच लिहून दिले जाते. बेसुमार काढणीमुळे सर्पगंधाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर मात्र निर्बंध आहेत.