दोन सुरांचा संगम : कै. सी. रामचंद्र

मनुष्याची थोरवी केवळ त्याच्या अंगच्या विद्येत नसते; परकी विद्या आपलीशी करताना तो स्वतःचे मूळ राखतो की नाही, यावरही ती अवलंबून असते. या दृष्टीने प्रसिद्ध संगीतकार कै. सी. रामचंद्र यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः तरुण पिढीपुढे ठेवावेसे वाटते.

त्यांचे संपूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म दि. 12 जानेवारी 1918 रोजी, नगर जिल्ह्यातील पुणतांबे या गावी. नागपुरास शंकरराव सप्रे व पुण्यास गांधर्व महाविद्यालयात पं. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी रीतसर शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. नट होण्याच्या आशेने ते चित्रपटसृष्टीत शिरले. परंतु तेथे यश आले नाही. तेव्हा मिनर्व्हा मूव्हिटोन या संस्थेत पेटीची साथ करण्याचे काम त्यांनी पत्करले. हे काम हलके न मानता त्यांनी तेथेच आपले शिक्षण पुढे चालविले, ही गोष्ट आपल्या मुलांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. संगीतकार म्हणून त्यांचे पहिले चित्रपट तामिळ होते. पुढे 1942 साली मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने त्यांना हिंदीत स्थान मिळाले.

त्या काळी मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक फार मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले हे कलावंत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवीत. आपले सतारिये व तबलजी मात्र कानाने ऐकून वाजविणारे. या दोन्ही परंपरांना एका बैठकीत बसविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत सी. रामचंद्र अग्रणी होत. 1947 च्या ‘शहनाई’त त्यांनी गिटार, माउथ ऑर्गन व शीळ यांचा उपयोग केला. 1951 च्या ‘अलबेला’त तर ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच गोव्याचे आंतोनियु झावियेर वाझ, आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले.

अशा संगीतामुळे अभिजात परंपरा बिघडते, असा आक्षेप त्या काळी अनेक जाणकार घेत. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. केवळ ठेक्याच्या मोहाने रचलेली गीते अल्पायुषी ठरतात, हे खरेच. परंतु बाँगोच्या तालावर प्रेक्षकांना डोलविणाऱ्या त्याच ‘अलबेला’त आईच्या मायेने भरलेली अंगाईही आहे. दोनच वर्षांनी, 1953 साली, ‘अनारकली’त त्यांनी भीमपलास व बागेश्री या रागांवर आधारलेल्या चाली दिल्या. 1957 च्या ‘आशा’त पुन्हा अर्थहीन शब्दांचे खेळकर गीत! ज्याच्या गळ्यात राग पक्का बसला आहे, त्यालाच परक्या सुराशी असे निर्भयपणे खेळता येते. बुवांकडील तालीम नसती, तर हा समतोल त्यांना साधला असता असे वाटत नाही.

चीनच्या आक्रमणानंतर, दि. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी हुतात्म्यांचे स्मरण करणारे कवी प्रदीप यांचे गीत गायिले. त्याची चाल सी. रामचंद्रांचीच. तिच्यात थाटमाट नाही, साधेपणाच आहे. अनेक वाद्यांचे सामर्थ्य जाणणाऱ्यालाच वाद्यांनी केव्हा मागे सरावे हे कळते. ‘घरकुल’सारख्या मराठी चित्रपटासही त्यांनी संगीत दिले. दि. 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आपल्या पालघर परिसरात तारप्याचा सूर आणि लग्नाच्या वरातीतील बँड हे दोन्ही ऐकू येतात. आज आपली मुले शिक्षण व नोकरीनिमित्त दूर जातात. परभाषा, परके आचार शिकतात. त्यांना रोखणे शक्य नाही आणि इष्टही नाही. मात्र बाहेर पडण्यापूर्वी घरचा सूर त्यांच्या गळ्यात पक्का बसविणे, हे पालकांचे कर्तव्य होय. तेवढे झाले तर नवे ज्ञान त्यांना आपल्यापासून तोडणार नाही, उलट समृद्धच करील. सी. रामचंद्रांच्या जीवनापासून एवढा बोध घेतला, तरी त्यांच्या स्मृतीस ती योग्य आदरांजली ठरेल.