सेथ लव्हर ह्यांचें अल्पचरित्र

थोरांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे आपणांस राजे, सेनापति, साधुसंत आणि कवि आठवतात. आणि आमचा महाड-पोलादपूरचा मुलूख तर अशा स्मृतींनीं भरलेला आहे. परंतु ज्यांनीं राज्य मिळविलें नाहीं किंवा ग्रंथ लिहिला नाहीं, एका वाद्यांतील नकोसा आवाज घालविण्यासाठीं मात्र चिकाटीनें डोकें चालविलें, अशा एका कारागिराचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. असें कां, तें प्रथम सांगितलें पाहिजे.

सन २०२१ च्या जुलै महिन्यांत सावित्री आणि गांधारी ह्या नद्यांचें पाणी महाड शहरांत शिरलें, तो दिवस येथील कोणीहि विसरणार नाहीं. त्या पुरांत बाजारपेठेंत राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याची विजेची गिटार बुडाली. लाकूड सावलींत वाळविल्यावर वांचलें, तारा नव्या घातल्या. परंतु तारांखालीं बसविलेल्या दोन पिकअपांपैकीं एक अगदीं मुका झाला आणि दुसरा मधूनमधून खरखरूं लागला. नवे पिकअप कोणते घ्यावे, असा प्रश्न पडला. कोणी म्हणे, अमुक नांवाचाच घे. कोणी म्हणे, जितका महाग तितका गोड. मुलाच्या वडिलांचें दुकानहि त्याच पुरांत गेलें होतें, आणि त्यांस एकेक रुपया मोजून खर्चावा लागत होता. ते दोघे आमच्याकडे विचारावयास आले. आम्हीं त्यांस जें सांगितलें, त्यांतील बराच भाग सेथ लव्हर ह्यांच्या चरित्रांत सांपडतो.

पिकअप म्हणजे काय, हें समजल्यावांचून ह्या पुरुषाची थोरवी कळणार नाहीं. गणपतींत किंवा वरातींत वाजणारा बेंजो आमच्या सर्व वाचकांनीं ऐकला आहे. विजेवर वाजणाऱ्या बेंजोच्या पोलादी तारांखालीं एक लहानशी डबी बसविलेली असते, आणि तिच्यापासून एक वायर ध्वनिवर्धकाकडे जाते. ती डबी म्हणजेच पिकअप. तींत चुंबक असून त्याच्याभोंवतीं तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचे हजारों वेढे घातलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. हा प्रवाह वाढवून कर्ण्यास दिला म्हणजे आपणांस नाद ऐकूं येतो. परंतु वेढ्यांस आपपरभाव कळत नाहीं. घरांतील विजेच्या तारा, ट्यूबलाइट आणि ट्रान्स्फॉर्मर ह्यांच्याभोंवतीं जें बदलतें चुंबकीय क्षेत्र असतें, तेंहि ते टिपून घेतात. आणि मग कोणी तार छेडली नसतांहि कर्ण्यांतून घूं-घूं असा एक सूर अखंड निघत राहतो.

ही घूं-घूं नाहींशी करणारे सेथ लव्हर ह्यांचा जन्म १ जानेवारी १९१० रोजीं अमेरिकेच्या मिशिगन प्रांतांतील कॅलमॅझू ह्या गांवीं झाला. तंतुवाद्यें बनविणारी गिब्सन कंपनी १९०२ सालीं त्याच गांवीं स्थापन झाली होती. लव्हर ह्यांचा ओढा विजेकडे होता. तरुणपणीं त्यांनीं रेडिओ दुरुस्तीचें काम केलें. बिघाड कोठें आहे तें आधीं शोधावें आणि मग हत्यार हातीं घ्यावें, ही दुरुस्ती करणाऱ्याची शिस्त त्यांच्या पुढील सर्व कामांत दिसते. १९४१ सालीं ते गिब्सन कंपनींत लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं अमेरिकेच्या नौदलांत नोकरी केली, आणि १९५२ पासून ते पुनः गिब्सनमध्यें स्थिर झाले.

त्या वेळीं गिब्सनच्या गिटारींवर एकाच वेटोळ्याचे पिकअप असत. त्यांचा नाद उत्तम होता, पण घूं-घूं सुटली नव्हती. लव्हर ह्यांनीं पूर्वीं एका ध्वनिवर्धकांत, घूं-घूं मारण्यासाठीं, वेटोळ्यांची एक विशिष्ट जुळणी केली होती. तीच कल्पना पिकअपांत कां वापरूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला. ती युक्ति आमच्या बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस चटकन् समजेल. त्यांनीं एकाऐवजीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेविलीं आणि तीं अशीं जोडलीं कीं एकांतील प्रवाह धन असतां दुसऱ्यांतील ऋण व्हावा. बाहेरून येणारी घूं-घूं दोहोंत सारखीच शिरते. म्हणून धन आणि ऋण मिळून शून्य होतें. परंतु असें केलें असतां तारेचा नादहि शून्य व्हावयाचा! म्हणून त्यांनीं एका वेटोळ्याखालीं चुंबकाचा उत्तर ध्रुव आणि दुसऱ्याखालीं दक्षिण ध्रुव आणिला. तारेचा नाद चुंबकामुळेंच उत्पन्न होत असल्यानें दुसऱ्या वेटोळ्यांत त्याचें चिन्ह दोनदां उलटलें. ऋणास ऋणानें गुणिलें असतां धन होतें, त्याप्रमाणें दोन्ही वेटोळ्यांतील नाद एकमेकांत मिळाले. नकोसें तें गेलें आणि हवेसें तें वाढलें.

इंग्रजींत घूं-घूं ह्या आवाजास हम म्हणतात आणि बक म्हणजे विरोध करणें. म्हणून ह्या पिकअपास हमबकर हें नांव पडलें. लव्हर ह्यांनीं २२ जून १९५५ रोजीं पेटंटसाठीं अर्ज केला, आणि २८ जुलै १९५९ रोजीं त्यांस २८९६४९१ ह्या क्रमांकाचें पेटंट मिळालें. दोन वेटोळ्यांचें तत्त्व सर्वस्वीं त्यांचेंच होतें असें नाहीं. मायक्रोफोनांत तें पूर्वींच वापरलें गेलें होतें, आणि त्याच सुमारास रे बट्स ह्या दुसऱ्या कारागिरानेंहि स्वतंत्रपणें तसा पिकअप तयार केला होता. तथापि जो जगभर पसरला आणि ज्याच्या मापावर आजहि असंख्य गिटारी कोरल्या जातात, तो लव्हर ह्यांचाच होय.

त्यांच्या मूळ नमुन्यांत फिरविण्याचे स्क्रू नव्हते. त्यांस त्यांची गरज वाटली नव्हती. परंतु माल विकणाऱ्या मंडळींस गिऱ्हाइकाशीं बोलावयास कांहीं तरी हवें होतें, म्हणून स्क्रूंची एक रांग बसविण्यांत आली. ते स्क्रू आजहि आपण पाहतों. त्यांच्या योगानें प्रत्येक तारेखालील ध्रुवाची उंची थोडीबहुत जुळवितां येते, हें खरें. पण शोभा आणि उपयोग ह्यांतील भेद मूळ निर्मात्यास ठाऊक होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१९५७ सालीं हा पिकअप लेस पॉल ह्या नांवाच्या गिटारीवर बसूं लागला. दोन वेटोळीं तारेचा अधिक लांबीचा भाग टिपतात. त्यामुळें फार उंच सूक्ष्म स्वर कांहींसे दबतात आणि नाद भरदार व गोलसर होतो. लव्हर ह्यांनीं योजिली होती ती केवळ घूं-घूंवरची तोड. हा नवा नाद तिच्याबरोबर आला. परंतु आरंभीं त्याचें कौतुक फारसें झालें नाहीं. गिटारींचा खप उतरला आणि १९६० नंतर त्या घाटाची गिटार कांहीं वर्षें बंदच झाली. पुढें १९६६ च्या सुमारास एरिक क्लॅप्टनसारख्या तरुण इंग्रज वादकांनीं तीच जुनी गिटार मोठ्या आवाजाच्या ध्वनिवर्धकावर वाजविली, तेव्हां तिची थोरवी लोकांस कळली.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. आरंभींच्या कांहीं वर्षांच्या पिकअपांखालीं, पेटंटसाठीं अर्ज केला आहे एवढ्याच अर्थाची एक लहानशी काळी पट्टी चिकटविलेली असे. त्या पट्टीचे पिकअप आज हजारों डॉलरांस विकले जातात, आणि त्यांच्या नकला करून विकणारे कारखाने कितीतरी आहेत. वास्तविक पाहतां त्या काळचे कोणतेहि दोन पिकअप अगदीं सारखे नव्हते. प्रत्येक वेटोळ्यास सुमारें पांच हजार वेढे असावेत असें ठरलें होतें. पण वेढे घालणारीं यंत्रें आपोआप नेमकीं थांबत नसत, त्यामुळें वेढे कमीअधिक पडत. चुंबकहि बाजारांत ज्या प्रकारचे मिळाले, त्या प्रकारचे लावले जात. ह्यामुळें कांहीं पिकअप अप्रतिम निघाले आणि कांहीं सामान्य. पट्टी मात्र दोहोंवर एकच! पेटंट मिळाल्यावर कंपनीनें जो क्रमांक छापला, तो तर तारा अडकविण्याच्या एका निराळ्याच भागाच्या पेटंटाचा होता. नांवाच्या मागें धांवणाऱ्यांनीं ह्यावरून काय तो बोध घ्यावा.

१९६७ सालीं लव्हर फेंडर कंपनींत गेले. तेथें त्यांनीं तांबें, निकेल आणि लोखंड ह्यांच्या मिश्रधातूचे चुंबक वापरून आणखी एक हमबकर रचिला, आणि १९७५ सालीं ते निवृत्त झाले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सीमूर डंकन ह्या पिकअप बनविणाऱ्या कारागिराबरोबर बसून त्यांनीं आपल्या मूळ नमुन्याची प्रतिकृति सिद्ध करण्यास साह्य केलें. ३१ जानेवारी १९९७ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारीकडे वळूं. लव्हर ह्यांच्या शिस्तीप्रमाणें आम्हीं आधीं बिघाड शोधिला. शाळेच्या प्रयोगशाळेंतील मापक लाविलें, तों मुक्या पिकअपांतून प्रवाहच जाईना. आंतील केसासारखी तार गंजून तुटली होती. परंतु खरखरणाऱ्या पिकअपानें सुमारें आठ किलोओहम दाखविले. त्याचीं वेटोळीं शाबूत होतीं. गंजला होता तो केवळ बाहेरचा डागाचा सांधा. म्हणजे दोन पिकअप घ्यावयाचे होते, तेथें एकावर भागलें. तें ऐकून मुलाच्या वडिलांच्या मुद्रेवर जें समाधान दिसलें, तें आम्ही विसरलों नाहीं.

गेलेला पिकअप तारा टेकतात त्या घोडीजवळचा होता. तेथें तारेचा कंप लहान असतो. म्हणून त्या जागेसाठीं थोडे अधिक वेढ्यांचा पिकअप घ्यावा, असें आम्हीं सांगितलें. पहिल्या व सहाव्या तारेंतील अंतर पट्टीनें मोजून घेतलें, कारण पिकअपाचे ध्रुव तारांखालीं नीट आले पाहिजेत. मुलास मऊ नाद नको होता आणि कर्कशहि नको होता. म्हणून सिरॅमिक चुंबक सोडून अल्निको जातीचा पांचव्या प्रकारचा चुंबक पसंत केला. चार वायरी बाहेर काढलेला पिकअप घेतला, म्हणजे जुन्याशीं त्याचीं चिन्हें जुळलीं नाहींत तर वायरी उलट करतां याव्यात. ह्या सर्व अटी पाळणारा पिकअप मोठ्या नांवाच्या पिकअपाच्या कितीतरी कमी किंमतींत मिळाला.

पोलादपूरचे एक बेंजो दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांनीं तो डाग देऊन बसविला आणि जुना सांधाहि नवा करून दिला. दोन्ही पिकअप एकदम लाविले तेव्हां नाद पातळ आला. लगेच त्यांनीं नव्याच्या वायरी उलट केल्या आणि तो भरला. पुढील स्नेहसंमेलनांत ती गिटार वाजली. गाणें संपल्यावर टाळ्या पडण्यापूर्वीं क्षणभर सभागृह स्तब्ध झालें होतें, आणि त्या स्तब्धतेंत घूं-घूं नव्हती. ती स्तब्धता सेथ लव्हर ह्यांची देणगी होय. विद्यार्थी मित्रांनीं कोणतीहि वस्तु घेतांना किंवा बदलतांना तिच्यावरील पट्टी मागाहून वाचावी; तिच्या आंत काय आहे आणि आपलें नडलें काय आहे, हें आधीं पाहावें.